दोन क्लब, एक गायक : सॅम कुकच्या १९६३ मधील मैफल-ध्वनिमुद्रिकेचा विचार

प्रास्ताविक

गेल्या शतकातील संगीताचा अभ्यास करणारा अभ्यासक बहुतांशी ध्वनिमुद्रिकांवर विसंबून असतो. जे ध्वनिमुद्रित झाले ते उरले, जे झाले नाही ते विरले, अशी त्याची सर्वसाधारण धारणा असते. परंतु या दोहोंच्या मध्ये तिसरा एक प्रकार आहे. जे ध्वनिमुद्रित झाले, पण प्रकाशित करू नये असे ठरवून कपाटात ठेवले गेले, तेही इतिहासाचेच साधन आहे. असे साधन जोवर उजेडात येत नाही तोवर त्या कलावंताविषयीची आपली मते अपुऱ्या पुराव्यावर उभी असतात आणि ती अपुरी आहेत याची आपल्याला कल्पनाही नसते. अमेरिकन 'सोल' गायक सॅम कुक याची 'लाइव्ह ॲट द हार्लेम स्क्वेअर क्लब, १९६३' ही ध्वनिमुद्रिका या दृष्टीने अत्यंत बोलके उदाहरण आहे. मायामी शहरातील एका नाइटक्लबमध्ये १२ जानेवारी १९६३ रोजी ती मुद्रित झाली आणि १९८५ मध्ये प्रकाशित झाली. मधली बावीस वर्षे कुकच्या मैफलीची म्हणून जी एकमेव ध्वनिमुद्रिका श्रोत्यांना ठाऊक होती ती न्यूयॉर्कच्या एका वेगळ्याच क्लबमधील होती. एकाच गायकाच्या, दीड वर्षाच्या अंतराने झालेल्या या दोन मैफली शेजारी ठेवून पाहिल्यास मैफलीचे ध्वनिमुद्रण नेमके कशाची नोंद करते, हा प्रश्न अधिक स्पष्टपणे मांडता येतो. प्रस्तुत लेखात तेवढाच प्रयत्न करावयाचा आहे.

चर्चमधून बाजारपेठेकडे

सॅम कुकचा जन्म २२ जानेवारी १९३१ रोजी मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेल येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते. कुटुंब शिकागोला स्थलांतरित झाल्यानंतर सॅमचे बालपण तेथील चर्चच्या वातावरणात गेले. १९५० मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, 'सोल स्टिअरर्स' या नामांकित गॉस्पेल गायकवृंदात आर. एच. हॅरिस या ज्येष्ठ गायकाच्या जागी त्याची निवड झाली. गॉस्पेल म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीय ख्रिस्ती समाजाचे भक्तिसंगीत. त्यात मुख्य गायक एक ओळ उचलतो, वृंद तिला उत्तर देतो आणि पुढे बसलेला समाजही टाळ्यांनी, उद्गारांनी, प्रसंगी सुरात सूर मिसळून त्यात सामील होतो. पोवाड्यातील झीलकऱ्यांची साथ ज्यांनी ऐकली आहे त्यांना या रचनेचा अंदाज येईल. फरक इतकाच, की येथे झील धरणारे केवळ मागे उभे नसतात. समोरचा सगळा समाजच झीलकरी असतो.

१९५७ मध्ये 'यू सेंड मी' या प्रेमगीताने कुक लौकिक संगीतात आला आणि ते गीत लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. भक्तिसंगीत सोडून लौकिक गाणी गाणे हा त्या समाजात लहान अपराध नव्हता. त्याआधीचे त्याचे एक लौकिक गीत 'डेल कुक' या टोपणनावाने प्रसिद्ध झाले होते, यावरून त्याची कल्पना यावी. १९६० मध्ये त्याने आर.सी.ए. व्हिक्टर या मोठ्या कंपनीशी करार केला. 'चेन गँग', 'क्यूपिड', 'ट्विस्टिन द नाइट अवे', 'ब्रिंग इट ऑन होम टू मी' ही गाणी त्यानंतरच्या दोन-अडीच वर्षांतील होत. जे. डब्ल्यू. अलेक्झांडर यांच्यासमवेत त्याने 'सार' ही स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनीही चालवली. गायक, गीतकार आणि व्यावसायिक या तिन्ही नात्यांनी तो आपल्या पिढीतील कृष्णवर्णीय कलावंतांत आघाडीवर होता.

आर.सी.ए.साठी ह्यूगो पेरेत्ती आणि लुईजी क्रिएटोरे हे चुलतभाऊ त्याच्या ध्वनिमुद्रिकांची निर्मिती करीत. त्यांच्या देखरेखीखाली कुकचा आवाज बहुधा व्हायोलिनच्या ताफ्यात, मागच्या स्त्री-पुरुषांच्या कोरसमध्ये गुळगुळीत करून सादर होई. यामागे धंद्याचे गणित होते. छोटी, दोन गाण्यांची तबकडी तरुण आणि कमी उत्पन्नाचे ग्राहक घेत. महागडी दीर्घ ध्वनिमुद्रिका मात्र प्रौढ, सुखवस्तू आणि मुख्यतः श्वेतवर्णीय घरांत जाते, असा कंपन्यांचा समज होता. त्या घरांना रुचेल असा कुक त्यांना हवा होता.

ओव्हरटाउन आणि त्याचा क्लब

मायामीतील ओव्हरटाउन ही वंशभेदाच्या कायद्यांनी आणि रूढींनी निर्माण केलेली कृष्णवर्णीयांची वस्ती. मायामी बीचवरील आलिशान हॉटेलांत कृष्णवर्णीय कलावंतांना गाण्यासाठी बोलावले जाई, परंतु अनेक वर्षे त्यांना त्याच हॉटेलात रात्री मुक्काम करता येत नसे. कार्यक्रम आटोपला की ते ओव्हरटाउनमध्ये परत येत आणि तेथे, आपल्या माणसांसमोर, उत्तररात्री पुन्हा गात. त्यामुळे सेकंड ॲव्हेन्यूचा तो परिसर 'लिट्ल ब्रॉडवे' म्हणून ओळखला जाऊ लागला. भेदभावाने लादलेल्या गैरसोयीतून एका वस्तीची सांस्कृतिक श्रीमंती कशी उभी राहते, याचे हे उदाहरण आहे; अर्थात त्या श्रीमंतीमुळे गैरसोयीचे समर्थन होत नाही.

हार्लेम स्क्वेअर क्लब याच परिसरातील. अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी चालणाऱ्या नाट्यगृहांची, दिवाणखान्यांची आणि क्लबांची एक साखळी होती. तिला 'चिटलिन सर्किट' म्हणत. चिटलिन हा डुकराच्या आतड्यांपासून होणारा, गरिबांच्या ताटातला पदार्थ. त्यावरून हे नाव पडले. कुक वर्षानुवर्षे या मार्गावर गात आला होता. म्हणजे त्या रात्री जे घडले ते त्याच्यासाठी विशेष नव्हते. विशेष एवढेच, की त्या शनिवारी कंपनीचे तंत्रज्ञ ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन आले होते. ध्वनिमुद्रिकेचे योजलेले नाव 'वन नाइट स्टँड' असे होते. गावोगाव एकेका रात्रीचे प्रयोग करीत फिरणाऱ्या कलावंतांच्या दौऱ्यांना व्यवसायात हाच शब्द होता.

त्याआधी काही महिने दोन गोष्टी घडल्या होत्या. १९६२ च्या शरद ऋतूत कुकने लिट्ल रिचर्डबरोबर इंग्लंडचा दौरा केला. श्रोत्यांना अक्षरशः खुर्चीवरून उठवणारा हा गायक रोज आपल्याच रंगमंचावर पाहावयास मिळणे, हा कोणत्याही सहकलावंतासाठी धडाच असणार. दुसरी गोष्ट म्हणजे २४ ऑक्टोबर १९६२ रोजी जेम्स ब्राउनने न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमधील आपली मैफल मुद्रित करून घेतली, तीही स्वतःच्या खर्चाने. कारण त्याच्या कंपनीच्या मालकाला त्यात पैसे घालण्याची इच्छा नव्हती.

ध्वनिमुद्रिकेत काय ऐकू येते

ही ध्वनिमुद्रिका पाऊण तासापेक्षाही कमी वेळाची आहे. सॅक्सोफोनवादक किंग कर्टिस आणि त्याच्या साथीदारांचा वृंद, कुकचा नेहमीचा गिटारवादक क्लिफ्टन व्हाइट, ड्रमवर जून गार्डनर, दुसऱ्या गिटारवर कॉर्नेल डुप्री असा संच आहे. व्हायोलिन नाहीत, कोरस नाही. निवेदक कुकचा परिचय 'मिस्टर सोल' असा करून देतो. त्याच वर्षी आर.सी.ए.ने याच शीर्षकाची त्याची दीर्घ ध्वनिमुद्रिका बाजारात आणली. तीत मुख्यतः वाद्यवृंदाच्या साथीने गायलेली संथ भावगीते आहेत. एकच बिरुद दोन ठिकाणी किती भिन्न अर्थाने वापरले गेले, हे पाहण्यासारखे आहे.

पहिल्या गाण्यापासूनच आवाजाचा पोत निराळा जाणवतो. स्टुडिओत मधासारखा ओघळणारा स्वर येथे खरखरीत, कडेला फाटणारा आहे. परिचित मुरक्या आहेत, पण त्या अलंकार म्हणून येत नाहीत. शब्द अपुरा पडला की त्याच्या जागी येतात. 'चेन गँग' हे साखळदंडात काम करणाऱ्या कैद्यांवरील गाणे. मूळ तबकडीत कैद्यांचे श्रमोद्गार हा एक आकर्षक ध्वनिपरिणाम आहे. येथे तो उद्गार सगळे सभागृह उचलते आणि गाण्याचा भार कोणत्या बाजूला आहे हे स्पष्ट होते.

यानंतर 'इट्स ऑल राइट' आणि 'फॉर सेंटिमेंटल रीझन्स' यांची जोडणी येते. आरंभी कुक गात नाही, बोलतो. तुमच्या प्रेयसीविषयी कोणी काही कानाशी लावले, तर घरी जाऊन तिच्यावर हात उगारू नका, असे तो पुरुषांना समजावतो. हा सूर सरळ धर्मोपदेशकाचा आहे. वडिलांच्या चर्चमध्ये ज्या लयीत प्रवचन चालत असेल त्याच लयीत, बोलण्याचे गाणे कधी झाले हे कळू न देता, तो चालीवर येतो. पुढे 'सेंटिमेंटल रीझन्स' सुरू होताच श्रोते, त्यांतही स्त्रिया, आपणहून गाऊ लागतात. कुक त्यांना थांबवत नाही. स्वतः मागे सरतो आणि त्यांच्या सुरांमधील रिकाम्या जागा भरतो. मुख्य गायकाने झीलकऱ्याची भूमिका घ्यावी असा हा क्षण आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण ध्वनिमुद्रिकेचे मर्म तेथे आहे.

'ट्विस्टिन द नाइट अवे'मध्ये तो सर्वांना रुमाल काढून फिरवावयास सांगतो. 'ब्रिंग इट ऑन होम टू मी'पूर्वी दूरध्वनीवरून प्रेयसीशी बोलू पाहणाऱ्या माणसाचे छोटे नाट्य आहे. त्यात 'यू सेंड मी'ची झलक येते. श्रोत्यांना वाटते, आता ते गाजलेले गाणे येणार. पण ते येत नाही. अपेक्षा ताणून धरली जाते आणि भलत्याच, अधिक जड गाण्यात ती मोकळी होते. मूळ तबकडीत या गाण्यात लू रॉल्सचा दुसरा आवाज आहे. येथे ते काम पुन्हा श्रोत्यांकडे आले आहे. शेवटच्या 'हॅविंग अ पार्टी'त कुक निरोप घेऊ पाहतो आणि घेत नाही.

येथे एका गैरसमजाविषयी लिहिणे आवश्यक आहे. ही ध्वनिमुद्रिका 'कच्ची', 'उत्स्फूर्त' म्हणून वाखाणली जाते. परंतु त्यातील संभाषणे, जोडण्या, उसने थांबे हे सारे बांधीव आहे. वाद्यवृंद कोठेही अडखळत नाही. कुक बोलता बोलता सुरावर येतो त्या क्षणी तो नेमका तेथे असतो. शेकडो रात्रींच्या प्रयोगांतून घडलेले हे शिल्प आहे. त्याला केवळ भावनेचा उद्रेक म्हणणे म्हणजे कलावंताचे कष्ट नाकारणे होय. कृष्णवर्णीय संगीताविषयी लिहिताना ही चूक फार वेळा झाली आहे.

कोपाकबाना, जुलै १९६४

आर.सी.ए.ने ते ध्वनिमुद्रण प्रकाशित केले नाही. ते फारच उग्र, फारच गोंगाटाचे आहे आणि कंपनीने जपलेल्या कुकच्या सर्वमान्य प्रतिमेला बाधक ठरेल, असा विचार त्यामागे होता, असे सामान्यतः मानले जाते. इकडे मे १९६३ मध्ये जेम्स ब्राउनची अपोलोमधील ध्वनिमुद्रिका बाजारात आली, अमेरिकेच्या लोकप्रिय दीर्घ ध्वनिमुद्रिकांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली आणि त्या यादीत ६६ आठवडे राहिली. दीर्घ ध्वनिमुद्रिका कोण विकत घेते याविषयीचा कंपन्यांचा समज त्याने खोटा ठरवला. तरीही मायामीची फीत कपाटातच राहिली.

मॅनहॅटनमधील कोपाकबाना हा नाइटक्लब म्हणजे त्या काळातील प्रतिष्ठेचे शिखर. सुरुवातीच्या काळात तेथे कृष्णवर्णीय ग्राहकांना मज्जाव होता. कुक १९५८ मध्ये तेथे गायला होता आणि अपयशी ठरला होता. ते शल्य त्याच्या मनात राहिले होते. जून १९६४ मध्ये तो पुन्हा तेथे उभा राहिला. या वेळी तयारी कसून झाली होती आणि टाइम्स स्क्वेअरमध्ये त्याची भव्य जाहिरात झळकली होती. ७ आणि ८ जुलै रोजी मुद्रित झालेली 'सॅम कुक ॲट द कोपा' ही ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी प्रकाशित झाली.

तीत रेने हॉलने बांधलेला मोठा वाद्यवृंद आहे, जुनी सर्वपरिचित गीते आहेत, विनोद आहेत आणि टेबलांवरून येणाऱ्या संयत टाळ्या आहेत. कुकचे स्वतःचे साहित्य मोजकेच. 'सेंटिमेंटल रीझन्स' आणि 'ट्विस्टिन द नाइट अवे' ही गाणी दोन्ही ध्वनिमुद्रिकांत असल्याने तुलना सोपी होते. मायामीत जी जागा श्रोत्यांनी भरली तीच जागा येथे वाद्यवृंद भरतो. गायक तोच, शब्द तेच. कोणाला उत्तर देण्याची मुभा आहे एवढेच बदलले आहे.

तथापि मायामीचा कुक खरा आणि कोपाचा कुक खोटा, हा निष्कर्ष घाईचा होईल. २ जुलै १९६४ रोजी अमेरिकेत नागरी हक्क कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. त्यानंतर आठवडाही उलटला नव्हता, तेव्हा कुक या क्लबमध्ये 'इफ आय हॅड अ हॅमर', 'धिस लिट्ल लाइट ऑफ माइन' आणि बॉब डिलनचे 'ब्लोइन इन द विंड' ही नागरी हक्क चळवळीशी जोडली गेलेली गाणी गात होता. त्यांतील दुसरे तर मुळात धर्मगीतच. समोर महागडे भोजन घेणारा श्रोतृवर्ग बसला असताना ती गाणी कार्यक्रमात बसवणे ही एक वेगळ्या प्रकारची हुशारी होती, आणि तिला धैर्यही लागत होते. शिवाय १९६३ च्या 'नाइट बीट' या स्टुडिओतील ध्वनिमुद्रिकेत छोट्या संचासह ब्लूजच्या वळणाचे गायन करून त्याने आपला तोही स्वर प्रकट केला होता. तो दोन्ही दालनांत वावरणारा आणि दोन्ही भाषा येणारा कलावंत होता. अन्याय झाला तो असा, की त्यातील एकच भाषा मैफलीची म्हणून नोंदीत राहिली.

११ डिसेंबर १९६४ रोजी लॉस एंजेलिसमधील एका मोटेलमध्ये गोळी लागून कुकचा मृत्यू झाला. वय अवघे ३३ वर्षे. 'अ चेंज इज गॉना कम' हे त्याचे आज सर्वाधिक उल्लेखिले जाणारे गीत छोट्या तबकडीच्या रूपाने त्याच महिन्यात, मृत्यूनंतर आले. यानंतर दोन दशके कुकचे मूल्यमापन त्याची स्टुडिओतील गाणी आणि कोपाची मैफल यांवरच झाले. महान आवाज, पण बाजारपेठेशी तडजोड केलेला, आणि सोलचा खरा आवेश ओटिस रेडिंगसारख्या त्याच्या पुढच्यांकडे, अशी मांडणी त्या पुराव्यावर अगदी तर्कशुद्ध वाटत असे. रेडिंग स्वतः कुकला आदर्श मानत होता आणि त्याची गाणी गात होता. पण त्या आदर्शाचा कोणता भाग त्याने घेतला हे सांगण्यास श्रोत्यांजवळ साधन नव्हते.

फीत उजेडात आल्यानंतर

ग्रेग गेलर या आर.सी.ए.मधील अधिकाऱ्याच्या पुढाकाराने १९८५ मध्ये हे ध्वनिमुद्रण प्रकाशित झाले. सोबतची टिपणे पीटर गुराल्निक या अभ्यासकाने लिहिली. पुढे त्यानेच कुकचे विस्तृत चरित्र सिद्ध केले. 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाने २००३ मध्ये केलेल्या पाचशे श्रेष्ठ ध्वनिमुद्रिकांच्या यादीत तिचा समावेश झाला. कोपाच्या मैफलीविषयी आज जे काही लिहिले जाते त्यात मायामीशी तुलना जवळजवळ अटळ असते. म्हणजे ज्या ध्वनिमुद्रिकेने कुकची प्रतिमा राखावयाची होती ती आता दुसरीच्या संदर्भात ऐकली जाते.

ओव्हरटाउनच्या वाट्याला मात्र असे पुनरागमन आले नाही. १९६० च्या दशकात त्या वस्तीच्या मधोमध आंतरराज्य महामार्ग नेण्यात आले, हजारो कुटुंबे उठवली गेली आणि 'लिट्ल ब्रॉडवे' संपुष्टात आले. हार्लेम स्क्वेअर क्लबही राहिला नाही. एका वस्तीतील रात्रीच्या जीवनाचे एवढे सलग श्राव्य चित्र दुर्मीळच. त्यामुळे संगीतेतर अभ्यासासाठीही, उदाहरणार्थ नागरी इतिहासासाठी, या ध्वनिमुद्रिकेचे मोल आहे.

एक तांत्रिक बाब शेवटी नोंदवणे इष्ट ठरेल. मैफल मुद्रित करताना गायक, वाद्ये आणि श्रोते यांचे ध्वनी वेगवेगळ्या ध्वनिग्राहकांनी टिपले, तरी ते एकमेकांत मिसळतातच. नंतर मिश्रण करताना कोणता आवाज किती वर ठेवावयाचा हे तंत्रज्ञ ठरवतो. या मैफलीची १९८५, २००० आणि २००५ मध्ये आलेली मिश्रणे परस्परांपासून भिन्न असून त्यांत श्रोत्यांच्या आवाजाचे प्रमाण सारखे नाही. श्रोत्यांचा आवाज खाली आणला की कुकचे शब्द अधिक स्वच्छ ऐकू येतात. मात्र तो ज्यांना उत्तर देत आहे ती माणसे दूर जातात आणि त्याचे थांबणे विनाकारण वाटू लागते. यास्तव अभ्यासकाने कोणत्या आवृत्तीवरून आपण लिहीत आहोत हे नमूद करावे, आणि शक्य असेल तर 'सेंटिमेंटल रीझन्स' हे एकच गाणे आधी कोपाच्या, मग मायामीच्या दोन निरनिराळ्या मिश्रणांतून सलग ऐकावे.